कानांत पेटविलेली मेणबत्ती
(आरोग्याचा पाठ)



कान दुखूं लागला, कानाला दडा बसला, अथवा आंत गूं गूं असा आवाज होऊं लागला, म्हणजे मनुष्य कासावीस होतो. डोळ्यांत कांहीं गेलें तर तें दुसऱ्यास दिसतें, परंतु कानाच्या आंत काय चाललें आहे हें घरांतील कोणासच दिसत नाहीं. जें दिसत नाहीं त्याविषयीं कोणी कांहींही सांगितलें तरी तें खरें वाटतें. म्हणूनच कानाच्या उपायांत खऱ्याबरोबर खोटेंही पुष्कळ शिरलें आहे. अशाच एका उपायाचा विचार आज करावयाचा आहे.

ह्या उपायाला 'इयर कँडलिंग' असें म्हणतात. युरोप व अमेरिका येथें तो बरींच वर्षें चालू आहे. आतां आपल्या देशांतील मोठ्या शहरांच्या सौंदर्यगृहांतही तो करितात, आणि त्याच्या मेणबत्त्या घरबसल्या मागवितां येतात. शहरांत कामाला गेलेलीं आपलीं माणसें गांवीं परत येतांना नव्या वस्तूंबरोबर नवे उपायही आणितात. तेव्हां हा उपाय आपल्या दारीं येण्यापूर्वींच त्याची पारख करून ठेवणें बरें. ह्या पाठांत आपण त्या मेणबत्तीला 'कर्णबत्ती' म्हणूं.

१. उपाय कसा करितात?

कापडाची पट्टी वितळलेल्या मेणांत भिजवून तिची सुमारें वीतभर लांब पोकळ नळी वळतात. रोग्यास कुशीवर निजवून नळीचें निमुळतें टोंक त्याच्या कानाच्या भोंकांत बसवितात आणि वरचें टोंक पेटवितात. दहापंधरा मिनिटें ती जळूं दिल्यावर विझवितात व उरलेलें थोटूक कापून रोग्यास दाखवितात. त्यांत पिवळट तपकिरी मेण व भुकटी दिसते. मग सांगतात, "पाहा, हा सगळा तुमच्या कानांतला मळ!" नळींतील ऊन हवा वर जातांना खालचा मळ ओढून घेते, असें ते समजावितात. कित्येक तर ह्याही पुढें जाऊन म्हणतात कीं, हिच्या योगानें नाकाच्या पोकळ्या साफ होतात, डोकेदुखी थांबते आणि रक्त शुद्ध होतें.

हें म्हणणें खरें कीं खोटें, हें ठरविण्यासाठीं प्रथम कान कसा आहे तें पाहिलें पाहिजे.

२. कानाची रचना

कानाच्या भोंकापासून आंत सुमारें एक इंच लांबीची नळी जाते. तिच्या शेवटीं एक पातळ पडदा ताणून बसविलेला असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतकीच असते. तरी तो नळीचें आंतलें तोंड पुरें बंद करितो. पडद्याच्या पलीकडे हवेची लहानशी पोकळी असून तींत तीन चिमुकलीं हाडें आहेत. आवाजानें पडदा थरथरतो, तीं हाडें ती थरथर आंत पोंचवितात, आणि आपणांस ऐकूं येतें. त्या पोकळीपासून एक बारीक नळी नाकाच्या मागें, घशाच्या वरच्या भागांत उघडते.

ह्यावरून एक गोष्ट तत्काळ ठरते. पडदा शाबूत असेल तर नाकांतील, डोक्यांतील किंवा रक्तांतील कोणताही पदार्थ कानाच्या वाटेनें बाहेर येऊं शकत नाहीं. मध्यें भिंत आहे, आणि त्या भिंतीला दार नाहीं.

आतां मळाविषयीं. आपण त्याला मळ म्हणतों, परंतु ती घाण नव्हे. नळीच्या बाहेरच्या भागांतील लहान ग्रंथींतून हा मेणासारखा पदार्थ पाझरतो. तो धूळ व किडेमुंग्या अडवितो, पाण्यापासून आंतील त्वचेचें रक्षण करितो, आणि रोगजंतूंच्या वाढीस आळा घालितो. शिवाय नळीची त्वचा पडद्यापासून बाहेरच्या दिशेनें हळूहळू सरकत असते. तिच्याबरोबर जुना मळ आपोआप भोंकापाशीं येऊन गळून पडतो. जेवतांना जबडा हलतो त्याचीही ह्या कामीं मदत होते. म्हणजे कान हें आपलें आंगण आपणच झाडणारें घर आहे. आपण काडी, आकडा किंवा किल्ली घालतों तेव्हां बाहेर निघालेला मळ पुनः आंत ढकलतों, आणि मग दडा बसला म्हणून तक्रार करितों.

३. मेणबत्ती मळ ओढते काय?

कांचेची चिमणी असलेला रॉकेलचा दिवा वडील माणसांना आठवत असेल. त्याच्या ज्योतीखालीं बारीक भोंकें असत. ज्योतीनें तापलेली हवा चिमणींतून वर जाई आणि तिच्या जागीं त्या भोंकांतून नवी हवा आंत येई. तीं भोंकें काजळीनें बुजलीं म्हणजे ओढ थांबे आणि दिवा धुरकटूं लागे. ह्याचा अर्थ असा कीं, वर ओढ लागावयाची तर खालून हवा येण्यास वाट पाहिजे.

कर्णबत्तीचें खालचें टोंक कानांत असतें, आणि कानाचा तळ पडद्यानें बंद असतो. तिची ज्योत वर उघड्या हवेंत असल्यामुळें ती जळत राहते हें खरें. परंतु नळींतून ओढ लागण्यास खालून हवाच येत नाहीं. शिवाय कानांतील मळ चिकट असतो. तो कातडीपासून सोडवून वर ओढण्याइतका जोर जर त्या नळींत असता, तर मळाच्या आधीं बिचारा पडदाच फाटला असता.

हा केवळ तर्क नव्हे. १९९६ सालीं अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांतील स्पोकेन येथील डॉक्टरांनीं ह्याची परीक्षा करून ती प्रसिद्ध केली. कानाच्या नळीची प्रतिकृति करून तींत त्यांनीं हवेचा दाब मोजला; कर्णबत्ती जळत असतां ओढ म्हणून मुळींच उत्पन्न झाली नाहीं. नंतर त्यांनीं आठ कानांवर प्रत्यक्ष प्रयोग केला. एकाही कानांतील मळ निघाला नाहीं. उलट कांहीं कानांत मेणबत्तीचेंच मेण जाऊन बसलें. कॅनडा सरकारच्या आरोग्य खात्यानें केलेल्या तपासणींतही कानांत ओढ लागल्याचें आढळलें नाहीं.

मग थोटकांत दिसतें तें काय? तें मेणबत्तीचेंच मेण आणि जळलेल्या कापडाची राख. कर्णबत्ती कानांत न लावतां नुसती जाळली तरी तिच्या थोटकांत तोच तपकिरी ऐवज सांपडतो. हाताच्या कांकणाला आरसा कशाला? कोणी आपणांस ती भुकटी दाखवील, तर त्यास एवढेंच म्हणावें: "दुसरी एक मेणबत्ती अंगणांत, कोणाच्याही कानाला न लावतां जाळा, आणि दोन्ही थोटकें शेजारीं ठेवा."

४. अपाय कोणता?

"गुण न आला तरी बिघडलें काय?" असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर असें. वर सांगितलेल्या डॉक्टरांनीं कान, नाक व घसा ह्यांच्या १२२ तज्ज्ञांकडे विचारपूस केली, तेव्हां कर्णबत्तीनें झालेल्या २१ इजा उघडकीस आल्या. त्यांपैकीं १३ भाजल्याच्या होत्या, ७ जणांच्या कानांची नळी मेणानें बुजली होती, आणि एकाच्या कानाच्या पडद्याला भोंक पडलें होतें. २००५ सालीं अलास्का प्रांतांत कर्णबत्तीची आग अंथरुणाला लागली व तींत एका स्त्रीचा प्राण गेला.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१० सालीं कांहीं उत्पादकांना ताकीद दिली आणि ह्या वस्तूनें चेहरा भाजण्याचा व कानाला इजा होण्याचा धोका आहे, असें लोकांस कळविलें. २०१७ सालीं अमेरिकेंतील कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांच्या संस्थेनें, मळ काढण्यासाठीं किंवा तो सांचूं नये म्हणून कर्णबत्ती वापरूं नये, असा सल्ला आपल्या मार्गदर्शनांत पुनः दिला. इंग्लंडांतील एक्झिटर विद्यापीठांत पर्यायी उपचारांची परीक्षा करणें हेंच ज्यांचें काम होतें, त्या प्राध्यापक एड्झार्ड अर्न्स्ट ह्यांनींही २००४ सालीं हाच निर्णय दिला कीं, ह्या उपायानें गुण येत नाहीं, अपाय मात्र होतो.

५. उसनें घेतलेलें नांव

ह्या मेणबत्त्या विकतांना त्यांस पुष्कळदां 'होपी' हें नांव देतात. होपी हे अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यांत राहणारे तेथील मूळ रहिवासी होत. त्यांची ही फार पुरातन विद्या आहे, असें गिऱ्हाइकास सांगण्यांत येतें. परंतु होपी लोकांच्या सांस्कृतिक रक्षणाच्या कचेरीनें स्पष्ट कळविलें आहे कीं, आमच्यांत अशी चाल असल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. ज्यांनीं हा उपाय कधीं केला नाहीं, त्यांचेंच नांव त्यावर छापून तो विकला जातो. उपाय जुना आहे एवढ्यावरून तो खरा ठरत नाहीं. आणि येथें तर त्याचें जुनेपणही उसनें आहे.

६. मग लोकांस बरें कां वाटतें?

ज्यांनीं हा उपाय करून घेतला, त्यांपैकीं अनेकजण मनापासून सांगतात कीं, आम्हांस बरें वाटलें. त्यांस खोटारडे म्हणूं नये. दहापंधरा मिनिटें स्वस्थ निजणें, कोणी मायेनें उशाशीं बसणें, कानाशीं ऊब लागणें, ह्यांनीं थकलेल्या माणसास बरें वाटणारच. सर्दीनें बसलेला दडा बहुधा कांहीं दिवसांत आपोआप सुटतो. तो सुटण्याच्या सुमारास जो उपाय केला असेल त्यास श्रेय मिळतें. आणि शेवटीं डोळ्यांपुढें ती भुकटी ठेवली, म्हणजे शंकेला जागा उरत नाहीं. उपदेशक बंधूंनीं अशा मनुष्याची थट्टा करूं नये. थट्टेनें तो लाजेल व पुढच्या वेळीं चोरून करील. त्यास कानाची रचना समजावून सांगावी.

७. खरी हानि

ह्या पाठाचा मुख्य मुद्दा आतां सांगतों. मेणबत्तीच्या चटक्यापेक्षां मोठी हानि म्हणजे दवडलेला वेळ होय. लहान मुलाचा कान फुटतो, उशीवर पूं दिसतो, आणि घरचीं माणसें म्हणतात, "मोठें झालें म्हणजे बरें होईल." कोणी लसूण घालून कढविलेलें तेल ओततो, कोणी पानाचा रस पिळतो, आणि उद्यां कोणी कर्णबत्ती लावील. तोंवर पडद्याचें भोंक मोठें होत जातें. ज्या मुलास नीट ऐकूं येत नाहीं, तें बोलण्यांत मागें पडतें. शाळेंत त्यास मठ्ठ म्हणतात. हांकेला ओ देत नाहीं म्हणून घरीं मार खातें. त्या मुलाची बुद्धि मंद नसते, त्याचा कान आजारी असतो.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या:

(अ) कानांत काडी, आकडा, कापसाची कांडी, पेटती मेणबत्ती, कांहींही घालूं नये. ओल्या फडक्यानें बाहेरचा कान पुसला म्हणजे पुरे.

(आ) ज्या कानांतून पाणी, पूं किंवा रक्त येतें, त्यांत तेल, रस किंवा पाणी घालूं नये. स्नानाच्या वेळीं व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशीं ठेवून कान कोरडा राखावा, आणि डॉक्टरांकडे जावें.

(इ) मळ घट्ट बसून दडा बसला असेल तर डॉक्टर पडदा शाबूत आहे कीं नाहीं हें आधीं पाहतात. मग औषधाच्या थेंबांनीं तो मऊ करून कोमट पाण्याच्या पिचकारीनें, हत्यारानें किंवा यंत्राच्या ओढीनें काढतात. ते कान पाहून काम करितात. मेणबत्ती आंधळेपणानें जळते.

(ई) कानामागें सूज, जोराचा ताप, भोंवळ, किंवा एकाएकीं ऐकूं येईनासें होणें, ह्यांपैकीं एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

(उ) भारत सरकारनें २००६-०७ ह्या वर्षीं बहिरेपणा टाळण्यासाठीं राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. मुलाच्या ऐकण्याविषयीं शंका असल्यास गांवच्या आशाताईस किंवा सरकारी दवाखान्यांत विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं.

वाचकहो, नवा उपाय दिसला कीं तो टाकून द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं, आणि जुना आहे म्हणून धरून बसावें असेंही नाहीं. जें दाखविलें तें खरोखर कोठून आलें, एवढा एक प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्यावी. थोटकांतील भुकटी कानांतून आली कीं मेणबत्तींतून, हें विचारणारें एक माणूस जरी घरांत असेल, तरी त्या घरांतील लेंकरांचे कान पुष्कळ संकटांतून वांचतील.

उजळणीचे प्रश्न

१. कानाच्या नळीच्या शेवटीं काय असतें? त्यामुळें कर्णबत्तीविषयींचे कोणते दावे खोटे ठरतात?
२. कानांतील मळाचे उपयोग कोणते? तो बाहेर कसा येतो?
३. दिव्याच्या चिमणीच्या उदाहरणावरून काय शिकावयाचें?
४. १९९६ सालच्या परीक्षेंत काय आढळलें?
५. आपल्या वाडींत कान फुटलेलीं किंवा हांकेला ओ न देणारीं मुलें किती आहेत? त्यांपैकीं कोणास दवाखान्यांत नेलें नाहीं? पुढील आठवड्यांत त्यांच्या घरीं जाऊन यावें.