मोजणीचे बंद दार : वन्यजीवगणनेतील एका गृहीतकाची परीक्षा

जंगलातील वाघ मोजणे म्हणजे वर्गात हजेरी घेणे नव्हे. वाघ 'हजर' म्हणत नाही. म्हणून दिसलेल्यांवरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधण्याची एक रीत शास्त्रज्ञांनी घडवली. प्राणी पकडावा, खूण करून सोडावा, पुन्हा पकडावा आणि दुसऱ्या खेपेस खूण असलेले किती निघतात ते पाहावे. डेन्मार्कचे पीटरसन यांनी ती माशांसाठी आणि अमेरिकेतील लिंकन यांनी १९३० मध्ये बदकांसाठी वापरली. म्हणून ती त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते.

विद्यार्थ्यांनी ही रीत हरभऱ्यांवर करून पाहावी. एका डब्यात न मोजता हरभरे घ्यावेत, त्यांतील ४० दाण्यांना शाई लावून परत मिसळावे आणि डबा हलवून ५० दाणे काढावेत. त्यांत शाईचे १० निघाले, तर ४० गुणिले ५० भागिले १०, म्हणजे डब्यात सुमारे २०० दाणे असावेत. या हिशेबात एक गोष्ट आपण न बोलता धरून चालतो : दोन खेपांच्या मध्ये डब्यात काही पडले नाही आणि डब्यातून काही गेले नाही. यालाच समष्टी बंदिस्त असण्याचे गृहीतक म्हणतात.

ते मोडले तर काय होते? मधल्या वेळात डब्यातले निम्मे दाणे गेले, तर शाईचेही निम्मे जातात; प्रमाण तेच राहते आणि उत्तर पुन्हा २००, म्हणजे पहिल्या वेळेची संख्या, येते. बाहेरून २०० नवे दाणे पडले, तर उत्तर ४०० येते. तीही दुसऱ्या वेळेची खरी संख्या असते. परंतु १०० गेले आणि १०० नवे आले, तर? डब्यात आताही २००च आहेत, पण शाईचे उरले २०. पन्नासांत ते सरासरी ५ निघतील आणि उत्तर येईल ४००. इतके दाणे डब्यात कोणत्याही क्षणी नव्हते. दार उघडे राहिल्याची चूक अशी बहुधा फुगवट्याच्या बाजूने होते, आणि फुगलेला आकडा कुणालाच बोचत नाही, हे आम्हांस अधिक गंभीर वाटते. राजस्थानातील सरिस्का येथे कागदावर वाघ होते, रानात एकही उरला नव्हता, हे २००५ मध्ये उघड झाले. तेथील मोजणी पावलांच्या ठशांची होती, तिचे दोष वेगळे. पण समाधान देणाऱ्या आकड्याची किंमत कोण मोजतो, हे त्यावरून कळावे.

वाघाला शाई लावावी लागत नाही. त्याचे पट्टेच त्याची खूण. दोन्ही कुशींवरील पट्टे निराळे असल्याने वाटेच्या दोन्ही अंगांस समोरासमोर कॅमेरे बांधतात. उल्हास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे ही पद्धत वापरून तिचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु जंगलाला डब्यासारखे झाकण नाही. आपल्या ताडोब्यातील वयात आलेले वाघ ब्रह्मपुरीच्या रानाकडे निघून जातात, हे चंद्रपूरकरांस सांगावयास नको. म्हणूनच मोजणी थोड्या आठवड्यांत उरकतात. तेवढ्यात जन्म-मृत्यू व ये-जा नगण्य राहावी, ही अपेक्षा. अपेक्षा म्हणजे पुरावा नव्हे. धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले आहे. येथेही येऊन पाहिलेच पाहिजे.

ते पाहण्याची एक सुंदर युक्ती ओटिस, बर्नहॅम, व्हाइट आणि अँडरसन यांनी १९७८ मध्ये मांडली. निदान दोनदा टिपलेले प्राणी घ्यावेत आणि प्रत्येकाच्या पहिल्या व शेवटच्या नोंदीतील अंतर पाहावे. समजा, मोजणीच्या ११ पाळ्या झाल्या. सर्व पाळ्यांत टिपले जाण्याची शक्यता सारखी असेल, तर दोनदा टिपलेल्या वाघांच्या नोंदींत सरासरी ४ पाळ्यांचे, तिनदा टिपलेल्यांच्या पहिल्या-शेवटच्या नोंदींत ६ पाळ्यांचे अंतर पडावयास हवे. जो वाघ मध्येच आला किंवा मध्येच गेला, त्याच्या नोंदी थोड्या दिवसांत दाटतात आणि अंतर आखडते. सर्वांचे मिळून अंतर अपेक्षेहून योगायोगाने पडावे त्यापेक्षा फारच कमी भरले, तर दार उघडे होते असे मानतात.

युक्ती सुंदर, पण भोळी आहे. मधल्याच पाळ्यांत हवामान चांगले असेल, तरी नोंदी मध्ये दाटतात आणि कसोटी फसते. प्रकाशझोताने बिचकलेला वाघ ती वाट सोडतो. तो रानातच असतो, नोंदींत मात्र निघून गेल्यासारखा दिसतो. उलट मध्येच बाहेर जाऊन परतलेला वाघ तिला सापडतच नाही, कारण त्याच्या पहिल्या व शेवटच्या नोंदींतील अंतर लांबच राहते. पहिल्या अडचणीसाठी स्टॅन्ली आणि बर्नहॅम यांनी १९९९ मध्ये, पाळीगणिक बदलणारी शक्यता सामावून घेणारी दुसरी कसोटी दिली. मोजके वाघ मोजकेच वेळा टिपलेले असतील, तर दोन्ही कसोट्या दुबळ्या पडतात. त्यांनी उघड्या दाराची खूण दाखवली नाही, एवढ्यावरून ते बंद होते असे अहवालात लिहू नये; किती प्राणी पुन्हा टिपले आणि किती दिवसांत, हेही शेजारी लिहावे.