नव्या टाकीत मासे सोडण्याआधी

चि. अद्वैत,


ताईचा काल फोन आला होता. सदाशिव पेठेतली जागा सोडून तुम्ही वाघोलीला जाताय, आणि त्या निमित्ताने तू दोन फुटी टाकीऐवजी तीन फुटी घेतलीस, हे कळलं. मोठी घेतलीस ते चांगलंच केलंस. पण "त्यात काय, पिशवीत भरायचे नि तिकडे सोडायचे" असं तू म्हणालास म्हणे, म्हणून हे लिहायला बसलो. पिशवीत भरणं आणि सोडणं अर्ध्या तासाचं काम आहे. मासा जगणार की नाही हे त्याच्या आधीच्या पंधरवड्यात आणि नंतरच्या आठवड्यात ठरतं.

आधी पाण्याचं बघ. पेठेत तुझ्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं, सह्याद्रीतल्या पावसाचं, हलकं. नव्या सोसायटीत बोअर आणि टँकर आहे असं ताई म्हणाली. बोअरचं पाणी बहुधा जड असतं. तिथल्या नळाच्या तोटीला आणि बादलीच्या काठाला पांढरा थर दिसला तर तो कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा समज. ग्लासात घेतलं तर दोन्ही पाणी सारखंच दिसेल, पण माशाच्या कल्ल्यांतून पाणी आणि क्षार सतत आत-बाहेर होत असतात. भोवतालचे क्षार एकदम वाढले किंवा घटले, की शरीराचा तोल राखण्यातच त्याची ताकद संपते. मग जो आजार एरवी त्याने सहज परतवला असता, तोही त्याला लोळवतो. तुझ्या मोलींना जड पाणी मानवेल, उलट आवडेल. निऑन टेट्रा मात्र मूळचे अॅमेझॉनच्या मऊ पाण्यातले, त्यांची मला काळजी आहे.

तेव्हा आरओवाल्याकडे असतो तसा टीडीएस मीटर आण, पीएच आणि अमोनियाचं टेस्ट किट आण, आणि दोन्ही घरांचं पाणी मोज. एकदा मोजून भागणार नाही. टँकरचं पाणी आज एका विहिरीचं, उद्या दुसऱ्या. वॉचमनला विचारून सोसायटीची टाकी कधी धुतात तेही माहीत करून घे. त्या दिवशी ब्लीचिंग पावडर पडते, आणि ते पाणी चुकूनही माशांच्या टाकीत जाता कामा नये. एरवीही अँटीक्लोरचे थेंब टाकल्याशिवाय नळाचं पाणी वापरायचं नाही. रात्रभर बादलीत ठेवलं की क्लोरीन उडून जातो हे खरं, पण काही ठिकाणी क्लोरामाइन वापरतात, ते तसं उडत नाही.

आता तू पाणी किती दिवसांनी बदलतोस, ते खरं सांग. महिनोन्‌महिने बदललं नसेल तर टाकीतलं पाणी नळाच्या पाण्यासारखं राहिलेलंच नसतं. नायट्रेट साठतं, पीएच उतरतो, आणि हे इतकं हळू घडतं की मासे त्याला सरावतात. मग त्यांना एकदम लख्ख पाण्यात सोडलं की दोन दिवसांत मरतात, आणि लोक म्हणतात, "एवढं स्वच्छ पाणी दिलं तरी मेले!" म्हणून आजपासून दर तीन दिवसांनी पाचवा हिस्सा पाणी बदल. हलवायच्या दिवसापर्यंत ते नळाच्या पाण्याच्या जवळ आलं पाहिजे.

फिल्टरचा स्पंज नव्या घरी नेताना घासूनपुसून नेऊ नकोस. ताईला तो चिकट, तपकिरी स्पंज बघवणार नाही, तिला हातही लावू देऊ नकोस. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्यातच राहतात. नव्या टाकीत ते शून्यातून तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात मासे स्वतःच्याच घाणीत विषबाधेने जातात. स्पंज जुन्या टाकीच्या पाण्यात बुडवूनच न्यायचा आणि पोचल्याबरोबर नव्या टाकीत चालू करायचा. जुनं पाणी कॅनमध्ये भरून नेलं की जिवाणू आले, असं दुकानदारही सांगतात. पण पाण्यात ते फारसे नसतात, स्पंजवर आणि खड्यांवर असतात.

हलवायच्या आदल्या दिवशी खायला देऊ नकोस. पोट रिकामं असलं की पिशवीतलं पाणी कमी घाण होतं. पकडायच्या आधी झाडं, दगड, ती तुझी प्लास्टिकची गुहा, सगळं बाहेर काढ आणि पाणी अर्ध्यावर आण, म्हणजे जाळी घेऊन पाठलाग करावा लागणार नाही. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कवच, कोरड्या हाताने धरलं की ते निघून येतं. कोरीडोरास माशाच्या कल्ल्यामागचा काटा जाळीत अडकून ताठ होतो. तेव्हा ओढायचं नाही, जाळी कापायची. त्यापेक्षा मासा वाडग्याकडे हाकलून पाण्यासकट उचल. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा. तळाचे दोन्ही कोपरे रबरबँडने बांध, नाहीतर लहान मासे तिथे चेंगरतात. पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात, अंधारात. आणि टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय उचलू नका. पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो, सिलिकॉनचा जोड तेवढा पीळ सोसत नाही.

पोचल्यावर टाकीचा दिवा बंद ठेव. बांधलेल्या पिशव्या वीस मिनिटं तरंगत ठेवल्या की तापमान जुळतं. मग मासे त्यांच्या पाण्यासकट बादलीत घे, एअर पंपाच्या नळीला सैल गाठ मार आणि नव्या टाकीतलं पाणी सलाईनसारखं थेंबथेंब त्या बादलीत सोड. बादलीतलं पाणी तिप्पट होईपर्यंत, म्हणजे साधारण तासभर. नंतर मासे वाडग्याने टाकीत आणि बादलीतलं पाणी कुंड्यांना. उद्या कोळत्तूरहून, म्हणजे चेन्नईहून, पार्सलने मासे मागवलेस तर मात्र असं करू नकोस. दोन दिवस बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे अमोनिया सौम्य रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. तिथे तापमान जुळलं, पिशवी फोडली, मासा लगेच बाहेर.

पहिल्या दिवशी मासे लपतील, फिके पडतील, खाणार नाहीत. त्याने घाबरू नकोस, काचेवर टिचक्याही मारू नकोस. पंख अंगाला चिकटवून एका कोपऱ्यात बसणं, दगडांवर अंग घासणं, मोलीने जागच्या जागी थरथरणं, कल्ले भरभर हलणं हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दिसलं तर पाणी तपास. सगळेच वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर हवा कमी आहे किंवा अमोनिया वाढलाय. गुरामी एकटाच वर येऊन हवेचा घोट घेत असेल तर तो त्याचा स्वभावच आहे. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं तर लगेच पाव हिस्सा पाणी बदल. दुकानदाराची निळी बाटली सगळ्यात शेवटी, मिथिलीन ब्लू फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतं. आठवडाभरात अंगावर बारीक पांढरे ठिपके उठले तर तो व्हाइट स्पॉट. त्याचं औषध परजीवी अंगावरून सुटून पाण्यात पोहत असतानाच लागू पडतं, म्हणून ठिपके गेल्यावरही औषध चालू ठेवायचं असतं.

पण हे सगळं ओळखायचं तर तुला तुझा मासा बरा असताना कसा दिसतो ते माहीत हवं. आज रात्री मोबाइल बाजूला ठेवून टाकीसमोर खुर्ची टाक. कल्ले मिनिटाला किती वेळा हलतात ते मोज, कोण कुठे झोपतं, खायला कोण आधी येतं ते बघ आणि वहीत लिही. मला विचारशील तर ही गोष्ट सगळ्यात आधी, बाकी सगळं हिच्यानंतर.

सकर माशाबद्दल विचारलं होतंस. तो फूटभराहून मोठा होतो, तीन फुटी टाकीही त्याला पुरणार नाही. दुकानात परत दे. मुळा-मुठेत सोडू नकोस, देशातल्या नद्या-तलावांत आधीच या माशाने ठाण मांडलंय.

दोन्ही घरांच्या पाण्याचे आकडे रविवारपर्यंत कळव. फरक फार निघाला तर निऑन टेट्रा पेठेतल्याच कुणा मित्राकडे ठेव. ट्रकची तारीख त्यानंतर ठरवू.

तुझा,
मामा