वाटीभरच द्यायचं

मने, काल रात्री तुझा मेसेज आला, "ताई, फोन घेतला! पहिल्या पगाराचा!" आणि मागोमाग खोक्याचा, फोनचा आणि बिलाचा फोटो. अभिनंदन गं. खूप बरं वाटलं. पण खरं सांगू? बिलावर मी किंमत पाहिलीच नाही. माझी नजर गेली तुझा मोबाइल नंबर, होस्टेलचा पत्ता आणि फोनचा आयएमईआय नंबर यांवर. आणि तेच बिल तू स्टेटसलाही ठेवलंस. तुझ्या यादीत इस्त्रीवाले काका आहेत, जुन्या क्लासचे सर आहेत, एकदाच भेटलेला ब्रोकर आहे. असो, रागवत नाही. फक्त काढून टाक आणि मग चहा घेऊन बस, जरा बोलू.

आपल्याला लहानपणापासून एक वळण लावलंय. कुणी काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या की साखर द्यायची, तीही शीग लावून. ते चांगलंच आहे. पण काकू म्हणाल्या असत्या, "साखरेबरोबर कपाटाची किल्लीही द्या," तर आईने काय केलं असतं? फोनमधली ॲपं रोज तेच म्हणतात आणि आपण दारातल्या माणसाला ताटकळत ठेवू नये अशा लगबगीने "अलाउ, अलाउ, अलाउ" दाबत सुटतो.

अमेरिकेत एक टॉर्चचं ॲप होतं, "ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट". फुकट, आणि कोट्यवधी लोकांनी घेतलेलं. काम काय, तर उजेड पाडायचा. २०१३ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याला पकडलं, कारण माणूस कुठे आहे ही माहिती ते गुपचूप जाहिरातवाल्यांना पोचवत होतं. टॉर्चला तुमचा ठावठिकाणा कशाला हवा, हे कुणी विचारलंच नव्हतं. हसू नकोस. माझ्या फोनमध्ये पंचांगाचं एक ॲप होतं, त्याने माझे सगळे कॉन्टॅक्ट मागितले होते आणि मी दिले होते. एकादशी कधी आहे हे सांगायला माझ्या नणंदेचा नंबर लागतो का गं?

तेव्हा आज नवा फोन हातात आहे तोवरच सेटिंग्जमध्ये "परमिशन मॅनेजर" उघड. लोकेशन, माइक, कॅमेरा, कॉन्टॅक्ट, एकेक बघ. नकाशाला लोकेशन दे, पण "फक्त ॲप वापरताना". जेवण मागवायच्या ॲपला माइक नको. एखादं ॲप रुसून बंद पडलंच तर परत देता येतं, त्यात कायमचं काही नाही. आणि फोन घेताना तू कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजलेस ना? मी तुझ्या जागी असते तर या फोनला सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार ते आधी विचारलं असतं. गुगल आणि सॅमसंग त्यांच्या महागड्या फोनना आता सात वर्षं देतात, स्वस्त फोनचं तसं नसतं. ज्या फोनमध्ये आपला पगार येतो, त्याची कडी शाबूत हवी, चेहरा गोरा दिसला नाही तरी चालेल.

आता माझी फजिती ऐक. दोन वर्षांपूर्वी लेकाच्या शाळाप्रवेशासाठी आधारची प्रिंट हवी होती. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गर्दी. तिथला पोरगा म्हणाला, "काकू, इथे व्हॉट्सॲप वेब लावा, पटकन होईल." (काकू म्हणाला, तेही मी ऐकून घेतलं.) मी कोड स्कॅन केला आणि प्रिंटर घरघरत होता तोवर त्याच्या स्क्रीनकडे बघत राहिले. डाउनलोडचा फोल्डर उघडाच होता. कुणाचं पॅनकार्ड, कुणाचा दहावीचा निकाल, जातीचा दाखला, सातबारा, कुणाच्या तरी पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, आणि आधार तर किती! अर्धी कॉलनी त्या फोल्डरमध्ये राहत होती. मला वाटलं, बापरे, किती बेफिकीर आहेत लोक. मग दहा रुपये दिले आणि रिक्षा पकडली.

तीन आठवड्यांनी व्हॉट्सॲपमध्ये दुसरंच काही शोधताना "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडलं गेलं. तिथे एक अनोळखी कॉम्प्युटर. शेवटचा वापर, आज सकाळी. माझ्या पोटात खड्डाच पडला. आईशी झालेली वादावादी, भिशीचा हिशोब, डॉक्टरीणबाईंना पाठवलेले फोटो, तुझ्या ब्रेकअपची रात्रभर चाललेली कथा, सगळं तीन आठवडे त्या दुकानात उघडं होतं. पोरगा सरळ असावा, त्याने ढुंकूनही पाहिलं नसेल. पण त्या खुर्चीत दिवसभर किती जण बसतात?

तेव्हापासून मी आधारची प्रिंट लागली तर पेन ड्राइव्ह नेते आणि काम झालं की त्याच्यासमोर उभं राहून फाइल पुसायला लावते, रिसायकल बिनमधूनसुद्धा. आणि जिथे चालतं तिथे "मास्क्ड आधार" देते. युआयडीएआयच्या वेबसाइटवरून ते फुकट उतरवता येतं, पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसणारे. लॉजवाले, सोसायटीचा वॉचमन, पार्सलवाला, यांना चार आकडे भरपूर झाले. बोटांचे ठसेही तिथेच लॉक करून ठेव.

तसंच दुकानातल्या काउंटरचं. दोनशे रुपयांचा कुर्ता घेतला की "मॅडम, नंबर?" हा प्रश्न येतोच, आणि आपल्या तोंडून दहा आकडे पाढ्यासारखे बाहेर पडतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ च्या मे महिन्यात दुकानदारांना बजावलंय की नंबरासाठी अडून बसू नका. तू एवढंच म्हण, "नंबर नाही देत, कागदी बिल द्या." पहिल्या वेळी कानकोंडं होतं. मागची रांग आपल्याकडेच बघतेय असं वाटतं. चौथ्यांदा काही वाटत नाही.

आता जरा अवघड विषय. तू मागे ओझरतं बोलून गेलीस की "तो" तुझ्या इन्स्टाचा पासवर्ड मागतो. "आपल्यात काय लपवायचं?" म्हणतो. स्वतःचाही देतो म्हणाला, म्हणजे अगदी न्याय्य सौदा.

आजीची हिरवी ट्रंक आठवते? माळ्याखालच्या खोलीतली, झाकणावर पोपट रंगवलेली? तिची किल्ली आजीच्या कनवटीला असायची. आजोबांचा आणि तिचा पन्नास वर्षांचा संसार, पण आजोबांनी ती ट्रंक कधी उघडली नाही की उघड म्हणाले नाहीत. आजी गेल्यावर आईने आणि मी मिळून कुलूप काढलं, तेव्हा तू परीक्षेत होतीस. आत काय निघालं सांगू? तिच्या वडिलांची दोन पोस्टकार्डं, चौथी पास झाल्याचा दाखला, चंदनाची झिजलेली वडी, आणि रुमालात बांधलेले एकशे दहा रुपये. एवढंच. आजोबांना दाखवलं असतं तर त्यांनी कौतुकच केलं असतं. पण तिला दाखवायचं नव्हतं, आणि आजोबांना ते कळत होतं. आई ती पोस्टकार्डं वाचायला बसली आणि पहिल्या ओळीवरच थांबली. परत घडी घालून ठेवली.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हा खटला लढायला निघाले होते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी, वयाची ऐंशी ओलांडल्यावर. त्या निकालाबद्दल पेपरात वाचलं तेव्हा मला ती ट्रंकच दिसली होती. तो मुलगा चांगला असेलही, मी भेटलेली नाही. पण पासवर्ड देऊ नकोस. माझ्या आणि तुझ्या जिजूंच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, एकमेकांच्या फोनचा पिन आम्हाला माहीत आहे कारण घरात तान्हं मूल होतं आणि रात्री-अपरात्री लागायचा. तरी त्यांचे मेसेज मी वाचत नाही आणि माझे ते. पिन माहीत असणं वेगळं गं.

लोकेशनचंही तेच. रात्री उशिरा कॅबमध्ये बसलीस की मला व्हॉट्सॲपवर एक तासाचं लाइव्ह लोकेशन टाक. तिथे पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे तीनच पर्याय असतात, एक तास पुरतो. खोलीवर पोचलीस की बंद कर. कायमचं लोकेशन त्यालाही नको, आणि मलाही नको. दुपारी दोनला तू ऑफिसात आहेस की जंगली महाराज रोडवर आइस्क्रीम खातेयस, हे मला कळलं की मी फोन करणार, मला माझी खोड माहीत आहे.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण बँकवाले रोज तेच सांगून कान किटवतात. आपल्याला पैसे येण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे आपलेच जातात. आपला जुना सोफा विकायला काढला होता तेव्हा एका "फौजी" गिऱ्हाइकाने आईला कोड पाठवून स्कॅन करायला सांगितला होता. आई म्हणाली, "मला चष्मा सापडत नाहीये," आणि वाचली! "डिजिटल अरेस्ट" नावाचं काही आपल्या कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर खाकी दिसली तरी फोन ठेवायचा. आणि चुकून फसलीसच तर लाजत बसू नकोस, १९३० ला फोन लाव. जितक्या लवकर लावशील तितके पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

पासवर्ड मात्र वहीत लिहून ठेवले तरी चालतील. यावर भले भले माझ्याशी भांडतात. पण चोर कपाटातली वही शोधायला पुण्याला येत नाही, आणि सगळीकडे एकच पासवर्ड वापरणाऱ्याचं सगळं एकदम जातं. वहीवर मोठ्या अक्षरात "पासवर्ड" लिहू नकोस म्हणजे झालं. धोब्याचा हिशोब लिही.

आता गेमचं. तू म्हणशील, ताई, तू आणि गेम? बाई, लेक झाला तेव्हा रात्री दोन-दोनला त्याला मांडीवर घेऊन मी कँडी क्रश खेळायचे. पाच जीव मिळतात, एक गेला की दुसरा यायला तीस मिनिटं. मी त्या तीस मिनिटांची वाट बघायचे. मग एकदा पैसे टाकले, मग परत. दरवेळी वाटायचं, गजऱ्याएवढेच तर आहेत. महिन्याचे भरले साडेसहाशे. नवऱ्याला सांगितलंच नाही, तू पहिली. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. ऐन रंगात आल्यावर अडवून पैसे मागतो तो खेळ नव्हे, ते दुकान.

आणि खेळ कसा असतो तेही मी पाहिलंय. लूडो किंग आपल्या नवी मुंबईतल्या गेमशियन कंपनीचा, २०१६ चा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आपण चार गावांत अडकलो होतो, तेव्हा रोज चारच्या चहाला त्यावर जमायचो. आजीला सहा पडेना की ती फोन दोन्ही हातांत धरून खुळखुळवायची, आतले फासे हलावेत म्हणून. आणि नंतर खरंच सहा पडायचा, तुझी शपथ. त्याच वर्षी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने "राजी" नावाचा गेम काढला. एकदा पैसे मोजले की पुढे कुणी हात पसरत नाही. धाकट्या भावाला, गोलूला, असुरांच्या तावडीतून सोडवायला निघालेली राजी. मी दिराच्या कॉम्प्युटरवर खेळले, अर्ध्यात अडकले, त्याच्या पोरीने सोडवलं. बहीण धाकट्यासाठी धावतेय म्हणून मला जरा जास्तच आवडला असेल.

फक्त एक. ऑफिसातलं कुणी "हजार टाक, रमीत दोन हजार काढू" म्हणालं तर हसून उठून जा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदाच केला, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. तरी मला परवाच टेलिग्रामवर एक लिंक आलीये, "दीदी, बोनस फ्री". आणि गेममध्ये खरं नाव, खरा फोटो ठेवू नकोस. मुलगी आहे म्हटल्यावर माइकवर जे ऐकू येतं ते मी इथे लिहीत नाही. म्यूट करायला परवानगी लागत नाही.

हे सगळं लिहिताना म्हटलं, आपण स्वतः किती शहाण्या आहोत बघू. गॅलरीत "आधार" टाकून शोधलं. तुझं आधार निघालं, दोन्ही बाजू. तुझं पॅन. रद्द केलेला चेक, सहीसकट. होस्टेलच्या प्रवेशाच्या वेळी तू पाठवलेलं, तेव्हापासून माझ्याकडे पडून आहे, आणि हा फोन लेक दिवसभर मित्रांच्यात घेऊन फिरतो. आत्ता पुसतेय, कचऱ्याच्या डब्यातूनही. तूही बघ बरं, आईच्या ऑपरेशनच्या वेळी मी तुला माझं पाठवलं होतं. सापडलं की पूस आणि मला सांग. स्क्रीनशॉट काढून पाठवू नकोस फक्त.