गोलकीपरचे स्केट्स : स्वस्त हवेत, पण घोटा सांभाळून!

आधीच सांगते, माझी शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला आणि पुढे वाचा.

संध्याकाळी आम्ही बास्केटबॉल कोर्टवर चाकं लावून जे खेळतो, ते म्हणजे इनलाइन हॉकी. एका रांगेत चार चाकं असलेले स्केट्स, हातात स्टिक, प्रत्येक टीमचे चार खेळाडू आणि एक गोलकीपर. गोलकीपर म्हणजे मी! पुढच्या सेमला मी इंटर्नशिपला जाणार, म्हणून सेकंड इयरची एक ज्युनियर माझ्या जागी उभी राहणार आहे. तिच्या स्केट्ससाठी विंगमध्ये वर्गणी काढली. जमलेल्या पैशात परदेशी बनावटीचे खास गोलकीपर स्केट्स सोडाच, त्यांचा एक पायसुद्धा आला नसता. मग अभ्यास सुरू केला (सबमिशन बाजूला ठेवून, अर्थात).

पहिली गोष्ट, गोलकीपरला पळायचं नसतं. त्याला वाकून उभं राहायचं असतं आणि एका पोस्टकडून दुसऱ्या पोस्टकडे आडवं सरकायचं असतं. आता फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. मोमेंट म्हणजे बल गुणिले अंतर. आडवा जोर देताना पाऊल जमिनीपासून जितकं उंच, तितका घोट्यावर पीळ जास्त. म्हणून गोलकीपरला छोटी चाकं बरी. फॉरवर्डच्या स्केटला बहुतेक 76 किंवा 80 मिमीची चाकं असतात. 80 काढून 72 बसवली की पाऊल 4 मिमी खाली येतं. ऐकायला कमी वाटतं, पण पायाला लगेच कळतं.

इथे एक गंमत आहे. काही हॉकी स्केट्सना पुढे दोन 76 ची आणि मागे दोन 80 ची चाकं असतात. त्यावर सरसकट 72 बसवली तर चारही चाकं एकदम जमिनीला टेकत नाहीत, स्केट मेसच्या टेबलासारखा डुगडुगतो. तिथे पुढे 68 आणि मागे 72, असं सारखंच वजा करायचं.

बेअरिंगवर पैसे घालू नका. दुकानदार "एबेक 9 घ्या" म्हणेल. एबेक हा फक्त टॉलरन्सचा आकडा आहे. दोन-तीन मीटर सरकणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग? बेअरिंग साधारण सगळीकडे 608 नंबरचंच असतं, नंतर कधीही बदलता येतं. चाकांचा कडकपणा मात्र बघा. आपल्या सिमेंटच्या कोर्टवर 82ए च्या आसपासची कडक चाकं टिकतात. इनडोअर टाइल्ससाठीची 74-76ए ची मऊ चाकं इथे खोडरबरासारखी झिजतील.

उरलेले सगळे पैसे बुटात! हे मी अनुभवाने सांगते. आठवीत असताना आईने "पुढच्या वर्षीपण होतील" म्हणून दोन नंबर मोठे स्केट्स घेतले. मी आत दोन-दोन मोजे घालायचे. एका मॅचमध्ये डावीकडे जोर दिला, स्केट गेला आणि पाय आतच फिरला. सहा आठवडे प्लास्टर. तो घोटा अजून पावसाळ्यात दुखतो.

म्हणून बूट घालून, नाडी बांधून, गुडघे पुढे वाकवा. टाच आत उचलली गेली तर तो बूट परत ठेवा, कितीही स्वस्त असला तरी. बोटांवरचा भाग ठोकून बघा, टणक हवा, कारण पक तिथेच लागतो. पट्ट्यांचे, उंच कडक कॉलरचे फिरायचे स्केट्स नकोत. त्यात घोटा पुढे वाकत नाही आणि मग खाली बसताच येत नाही. नाडीच्या बुटात वरचं एक भोक मोकळं सोडलं की अजून वाकता येतं.

सेकंड हँड घेताना फ्रेम जिथे बुटाला जोडलेली असते तिथे तडा आहे का ते पाहा. अ‍ॅक्सलच्या बोल्टचं षट्कोनी तोंड गोल झालेलं असेल तर चाक बदलताना रडाल. चाकं एका बाजूने झिजली असली तरी चालेल, ती उलटी करून लावता येतात.

शेवटी ज्युनियरला जुने हॉकी स्केट्स मिळाले, चारही चाकं 80 ची. रविवारी तिला कोर्टवर पन्नास बैठका काढायला लावल्या. ती वैतागली, पण टाच हलली नाही. वर्गणीतले थोडे पैसे उरलेत. आता 72 मिमीची आठ चाकं हवी आहेत. कोणाच्या घरी पडून असतील तर दिवाळीहून येताना आणा, प्लीज!