प्राणिरक्षकाच्या खिशातील पक्कड

प्राणिसंग्रहालयात गेल्यावर आपण वाघ पाहतो, हरणे पाहतो. पण त्यांची देखभाल करणाऱ्या माणसाच्या कमरेला काय लटकते आहे, हे आपण कधी पाहिले आहे काय? चाऱ्याच्या पेंढीची सुतळी कापणे, पोत्याची शिवण उसवणे, जाळीची सुटलेली तार पिळून बसवणे, ढिला स्क्रू आवळणे, अशी बारीकसारीक कामे त्याला दिवसभर करावी लागतात. दर वेळी हत्यारांच्या पेटीकडे कोण धावणार? म्हणून घडीची बहुउपयोगी पक्कड सोयीची. टिमोथी लेदरमन या अमेरिकन अभियंत्याला १९७५ मध्ये युरोपच्या प्रवासात जुनी मोटार दुरुस्त करताना पकडीची उणीव भासली. त्यातून सुचलेले त्याचे हत्यार १९८३ मध्ये बाजारात आले.

माझा एक जुना विद्यार्थी प्राणिरक्षक आहे. पगार बेताचा. दुकानात त्याला सारख्याच किमतीच्या दोन पकडी दाखवल्या. एकीत एकवीस अवजारे, दुसरीत आठ. त्याने मला विचारले, "सर, कोणती घेऊ?" मी म्हणालो, "अवजारे मोजू नकोस, आधी मधली खीळ बघ."

असे का, ते पाहू. पक्कड म्हणजे पहिल्या प्रकारच्या दोन तरफा; खीळ हा दोघींचा टेकू. समजा, मूठ खिळीपासून १० सेंटिमीटरवर आणि तार १ सेंटिमीटरवर आहे. मुठीने २०० न्यूटन बल लावले, म्हणजे साधारण २० किलोग्रॅम वजन उचलण्याइतके, तर तारेवर २,००० न्यूटन बल पडते. मऊ पोलादी तार कापायला दर चौरस मिलिमीटर छेदाला सुमारे ३०० न्यूटन लागतात असे धरू. २ मिलिमीटर जाडीच्या तारेला सुमारे ९४० न्यूटन पुरतात. ती सहज तुटते. तीच तार जबड्याच्या टोकाकडे, २.५ सेंटिमीटरवर धरली तर बल ८०० न्यूटनच मिळते आणि आपण नुसते घाम गाळत बसतो! ३ मिलिमीटरच्या तारेला मात्र सुमारे २,१०० न्यूटन हवेत. तिच्यासाठी लांब दांड्याची कात्रीच आणावी.

आता खिळीचा विचार करा. प्रत्येक तरफेवर हाताचे बल आणि तारेची प्रतिक्रिया एकाच दिशेने असतात. त्यामुळे खिळीवर २,२०० न्यूटन भार येतो. खीळ मऊ लोखंडाची असेल तर तिचे छिद्र हळूहळू रुंदावते, जबडे तिरके मिटतात, आणि एके दिवशी एखादा स्क्रू निसटून पडतो.

तो कोठे पडतो, हा खरा प्रश्न आहे. चितळ, सांबर, नीलगाय हे रवंथ करणारे प्राणी चारा फारसा न चावताच गिळतात. त्याबरोबर गेलेला धातूचा तुकडा जड असल्याने पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात तळाशी बसतो. तो कप्पा आकुंचन पावताना टोकदार तार त्याच्या भिंतीतून पुढे सरकते, आणि पुढे लगेच श्वासपटल व हृदय असते. गाईम्हशींनाही हा धोका असतो. एकवीस अवजारांच्या पकडीत सुटण्याजोगे भागही तितकेच अधिक!

दुकानात पक्कड मिटून उजेडासमोर धरावी. कातरीच्या धारांमधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. दांडे आडवे हलवून खीळ खुळखुळते का, ते पाहावे. पाते उघडल्यावर खटक्याने पक्के बसले पाहिजे, नाही तर दाब उलटा पडताच ते बोटांवर मिटते. पोलादात क्रोमियम निदान १०.५ टक्के असेल तर पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर बनून गंज रोखला जातो. मीठ मात्र हा थर फोडते. म्हणून मुंबईसारख्या खाऱ्या हवेत पक्कड गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, खिळीवर तेलाचा थेंब सोडावा.

विद्यार्थ्याने आठ अवजारांची पक्कड घेतली व दोरीने कमरपट्ट्याला बांधली. तार कापल्यावर तो जमिनीवरून चुंबक फिरवतो. स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटत नाही, असे तुम्हांपैकी काहीजण म्हणतील. भांड्यांच्या स्टीलबाबत ते बहुधा खरे आहे, पण पात्यांचे कठीण केलेले स्टील चुंबकाला चिकटते, आणि जाळीची तार तर लोखंडाचीच असते.

घरातली पक्कड घ्या. खिळीपासून मूठ आणि जबड्याचे टोक किती अंतरावर आहेत ते पट्टीने मोजा, आणि टोकाशी बल किती पट होते ते काढा. मग एक जुना खिळा टोकाशी व खिळीजवळ धरून दाबून पाहा.