सरस : उकलता येणारा जोड (इयत्ता ७ वी, विज्ञान)



'सरस' म्हणजे जास्त चांगला, हे मुलांना माहीत असतं. सुतारकामातला सरस वेगळा. जनावरांचं कातडं, हाडं उकळून तो काढतात. सतार, तंबोरा जोडायला पूर्वापार हाच वापरत आले. मिरजेत हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात ही वाद्यं बनवायला घेतली. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं.

सुका सरस आधी थंड पाण्यात भिजवायचा. फुगला की त्याचं भांडं गरम पाण्यात ठेवायचं, साधारण ६० अंश सेल्सिअसला. थेट आचेवर उकळला तर त्यातली प्रथिनं तुटतात, पकड कमी होते. गरम असतानाच लावून लाकूड दाबायचं. थंड होताच तो गोठतो, मग पाणी उडून कडक होतो.

वैशिष्ट्य असं, की ऊब आणि ओल दिली की जोड पुन्हा सुटतो. म्हणून जुना तंबोरा न मोडता उघडून दुरुस्त होतो. न सुटणारा गोंद असेल तर लाकूडच फाटतं. मात्र याच गुणामुळे वाद्य ओलीत किंवा बंद गाडीत ठेवू नये.

मुरुमसारख्या गावात सरस मिळाला नाही तरी जिलेटिन चालेल. तेही प्राणिजन्य, म्हणून पालकांना आधी विचारावं. आइस्क्रीमच्या दोन काड्या त्याने चिकटवून दोन दिवस वाळवा. मग मोठ्यांनी गरम पाणी ओतावं. काय होईल, हे मुलांनी आधी वहीत लिहावं.

शेवटी विचारा : कायमचा पक्का जोड चांगला, की दुरुस्त करता येणारा?