गाडीतला गरमीचा काटा आणि नववीचा ओहमचा नियम

वारज्याहून हायवेने साताऱ्याकडे निघालं की आधी कात्रजच्या नव्या बोगद्याकडचा चढ, मग खंबाटकी. जुनी मारुती 800 असेल तर इथे नजर आपोआप टेंपरेचरच्या काट्याकडे जाते. काटा 'C'वरून हललाच नाही, तर आपण म्हणतो, "मीटर बिघडलंय, गाडी ठीक आहे." मागच्या सीटवरची मुलं हे ऐकत असतात. पण हे तपासलंय कुणी?

कूलंट कमी झालं की सेन्सर पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत राहतो. मग काटा कमी दाखवतो आणि इंजिन मात्र तापत असतं. हेड गॅस्केट जातं ते असंच. म्हणून पहिलं काम, सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरमधली पातळी बघा. गरम असताना झाकण कधीच उघडू नका. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण 98 अंशाला उकळतं, पण बंद रेडिएटरमध्ये दाबामुळे ते त्याहून जास्त तापूनही द्रवच राहतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि उकळतं पाणी थेट अंगावर येतं.

पातळी बरोबर आहे? मग सेन्सरची तार काढा. मीटरचा सेन्सर बहुधा एका तारेचा असतो. दोन तारांचा असेल तर तो इंजिनच्या कॉम्प्युटरचा असू शकतो, त्याला हात लावू नका. किल्ली ऑन करा, इंजिन बंदच ठेवा. तारेला 12 व्होल्टचा, 3-4 वॅटचा बल्ब जोडून दुसरं टोक इंजिनच्या धातूला टेकवा. (थेट टेकवलं तर जुनं मीटर जळू शकतं.) काटा हळूहळू चढला तर मीटर आणि तार ठीक, संशय सेन्सरवर. ढिम्म राहिला तर फ्यूज, तार किंवा मीटर.

आता खरी गंमत. 'धाराविद्युत' शिकवताना आपण सांगतो की धातू तापला की रोध वाढतो. हा सेन्सर उलटा, तापला की रोध कमी होतो, धारा वाढते आणि काटा चढतो. काढलेला सेन्सर पातेल्यातल्या पाण्यात धरा, तारेचं टोक पाण्याबाहेर ठेवून. मल्टीमीटरची एक पिन त्या टोकाला, दुसरी पितळी अंगाला. गरम पाणी मोठ्यांनी हाताळावं, 30, 50, 70, 90 अंशांना रोध मुलांनी लिहावा. आलेख सरळ रेषेत येत नाही, वाकतो. का, हे त्यांनाच विचारा. रोध बदललाच नाही तर सेन्सर गेला.

सेन्सरही चांगला निघाला आणि काटा तरी खालीच? मग थर्मोस्टॅट वॉल उघडा अडकलेला असू शकतो. तेव्हा काटा खरंच बोलत असतो, इंजिन पुरेसं तापतच नाही.

नवा सेन्सर बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नका. या सेन्सरचं अर्थिंग त्या आट्यांतूनच होतं. टेपने ते तुटलं की काटा पुन्हा 'C'वर.